डोळ्यांत उतरलेला कर्करोग व किरणोपचार

सुईंत दोरा ओवतां येईनासा झाला किंवा तांदूळ निवडतांना खडे नजरेंतून सुटूं लागले, म्हणजे आपल्या घरांतील वडील स्त्रिया स्वतःच निदान करून मोकळ्या होतात. "आतां वय झालें," असें म्हणून त्या सूप सुनेपुढें सरकवितात, आणि घरांतील मंडळीहि "एकदां नंबर तपासून घ्या" एवढें सांगून आपापल्या उद्योगास लागतात. बहुतेक वेळां यांत कांहीं चुकत नाहीं. चाळिशी आणि मोतीबिंदु हींच नजर मंदावण्याचीं नेहमींचीं कारणें होत. परंतु ज्या घरांत कोणास पूर्वीं कर्करोग होऊन गेला आहे, त्या घरानें एवढ्यावर थांबणें धोक्याचें आहे. स्तनांत, फुप्फुसांत किंवा अन्यत्र उद्भवलेला कर्करोग रक्तावाटे डोळ्यांत उतरूं शकतो. तसा तो उतरला तर किरणोपचारानें दृष्टि बहुधा राखतां येते. मात्र त्यास वेळेचें बंधन आहे. ही माहिती वाचकांपुढें मांडावी असें वाटण्यास एक प्रत्यक्ष प्रसंग कारण झाला, तो प्रथम सांगतों.

आमच्या निकटच्या परिचयाचें एक मोठें कुटुंब आहे. तीन भाऊ, त्यांच्या बायका, मुलें व सुना मिळून एका छपराखालीं चौदा माणसें. त्यांतील थोरल्या जाऊबाईंस, ज्यांना घरांत सर्वजण माई म्हणत, सहा वर्षांपूर्वीं स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया झाली, औषधें झालीं, केस गेले आणि पुन्हां आले. मग घरानें तो विषय कडीकुलुपांत ठेवावा तसा बंद केला. दोन मुली लग्नाच्या होत्या. बाहेर वाच्यता नको, हें सर्वांस न बोलतांच समजलेलें होतें.

एका श्रावणांत माई पोथी वाचीत असतां त्यांस ओळीच्या मध्यावरचीं अक्षरें पुसट दिसूं लागलीं. ओळीचा आरंभ दिसे, शेवट दिसे. मधलीं दोन अक्षरें तेवढीं धुरकट. पुढें देवघराच्या चौकटीची उभी कड मध्येंच वांकल्यासारखी दिसूं लागली. त्यांनीं डोळे धुतले, समईची वात मोठी केली, नवा चष्मा करविला. असे पांच आठवडे गेले. अखेर त्यांस नेत्रवैद्यांकडे नेलें. "पूर्वीं कांहीं मोठा आजार?" असें त्यांनीं विचारतांच बरोबर गेलेले धाकटे दीर म्हणाले, "रक्तदाब आहे. बाकी कांहीं नाहीं." भावोजी खोटें बोलणारे गृहस्थ नव्हेत. सहा वर्षांच्या संवयीनें तें उत्तर त्यांच्या तोंडून आपोआप निघालें. माईंची धाकटी सून दाराशीं उभी होती. ती पुढें झाली आणि म्हणाली, "डॉक्टर, सासूबाईंचें छातीचें ऑपरेशन झालेलें आहे. कॅन्सरचें."

नेत्रवैद्यांनीं हातांतला चष्म्याचा कागद बाजूस ठेविला, दोन्ही डोळ्यांत बाहुली मोठी होण्याचे थेंब घातले आणि अर्ध्या तासानें आंत नीट निरखून पाहिलें. उजव्या डोळ्याच्या मागच्या भिंतीवर फिकट पिवळसर, किंचित् उंच आलेला डाग होता. डाव्या डोळ्यांतहि तसाच एक लहान डाग होता. त्याची माईंस वार्ताहि नव्हती.

रोग डोळ्यांत कसा येतो

डोळ्याच्या गोलकाची भिंत तीन पदरांची असते. बाहेरचा पदर पांढरा व चिवट. त्यास श्वेतपटल म्हणतात. सर्वांत आंतला पदर म्हणजे जालपटल. समोरच्या वस्तूचें चित्र यावर उमटतें आणि येथूनच मज्जातंतूंच्या द्वारें मेंदूकडे जातें. या दोहोंच्या मध्यें रंजितपटल नांवाचा काळसर पदर आहे. त्याची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास; परंतु त्यांत रक्तवाहिन्यांची अशी दाटी असते कीं, वजनाच्या मानानें शरीराच्या फारच थोड्या भागांतून इतकें रक्त वाहत असेल. जालपटलाच्या बाहेरील थरांस अन्न आणि प्राणवायु पुरविणें हें याच पदराचें काम.

कर्करोगाच्या मूळ गांठींतून सुटलेल्या कांहीं पेशी रक्तांत मिसळून शरीरभर फिरतात. त्यांतील बहुतेक वाटेंतच मरतात. ज्या तगतात त्या, जेथें रक्त पुष्कळ आणि वाहिन्या बारीक, तेथें अडकतात व रुजतात. डोळ्याच्या मागील बाजूनें आंत शिरणाऱ्या बारीक रोहिण्या अशा पेशींस थेट रंजितपटलांत आणून सोडतात. तेथें त्यांची वाढ झाली म्हणजे वरचें जालपटल उचललें जातें, त्याखालीं पाणी सांचतें, आणि ज्या पदरावर त्याचें पोषण अवलंबून त्या पदरापासून तें दुरावतें. असें थोडे दिवस राहिलें तर तें पुन्हां सावरतें. फार दिवस राहिलें तर पुढें गांठ नाहींशी झाली तरी गेलेली नजर परत येत नाहीं. उपचारास वेळेचें बंधन आहे असें वर म्हटलें, त्याचें कारण हें.

शरीराच्या दुसऱ्या भागांतून डोळ्यांत आलेल्या अशा कर्करोगाचें वर्णन पर्ल्स या जर्मन वैद्यानें १८७२ सालींच केलें होतें. पुढें दीर्घकाळ हा प्रकार अत्यंत विरळा समजला जाई. आज तज्ज्ञांचें मत असें आहे कीं, प्रौढ माणसांच्या डोळ्यांच्या आंत जे कर्करोग आढळतात, त्यांत बाहेरून आलेला हाच प्रकार सर्वांत अधिक असावा. लहान मुलांच्या जालपटलांत होणारा किंवा प्रौढांच्या रंजितपटलांतच जन्म घेणारा कर्करोग हे निराळे रोग होत आणि त्यांचे उपचारहि निराळे. त्यांचा विचार येथें केलेला नाहीं.

अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील विल्स नेत्ररुग्णालयांतील कॅरोल शील्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९७ सालीं अशा ४२० रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांचे ५२० डोळे रोगग्रस्त होते. म्हणजे शंभर जणांचे दोन्ही डोळे बाधलेले होते. गांठींपैकीं ८८ टक्के रंजितपटलांत होत्या. मूळ रोग ४७ टक्के रोग्यांत स्तनाचा व २१ टक्क्यांत फुप्फुसाचा होता. यांतील एक आंकडा घरोघरीं लक्षांत ठेवण्यासारखा आहे: ३४ टक्के रोग्यांस, डोळ्यांत गांठ सांपडेपर्यंत, आपणांस कोठें कर्करोग आहे याची कल्पनाच नव्हती. डोळा हीच त्यांच्या रोगाची पहिली बातमी ठरली.

खुणा कोणत्या

या रोगांत डोळा बहुधा दुखत नाहीं आणि लाल होत नाहीं. म्हणूनच तो फसवितो. मोतीबिंदूचें मंदावणें सावकाश आणि सर्व बाजूंनीं सारखें असतें. खिडकीच्या कांचेवर धूळ बसावी तसें. येथें मात्र थोड्या आठवड्यांतच नजर उतरते, एका बाजूस किंवा मध्यावर सावली पडल्यासारखी होते, सरळ रेघ वांकडी दिसते, अंधारांत क्षणभर प्रकाश चमकल्याचा भास होतो, किंवा डोळ्यापुढें काळे ठिपके तरंगूं लागतात. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलें असतां चांगला डोळा वाइटाचा दोष झांकतो. तेव्हां एक डोळा हातानें झांकून दुसऱ्यानें दाराची चौकट, दिनदर्शिकेवरच्या रेघा किंवा फरशीच्या सांध्यांच्या ओळी पाहाव्या आणि मग उलट करावें. ही परीक्षा स्वयंपाकघरांतहि होते व तीस एक मिनिट पुरतें.

अशा खुणा इतर रोगांतहि असतात. मधुमेहानें जालपटलांत रक्तस्राव होतो, उतारवयांत पीतबिंदु झिजतो, जालपटल सुटूं शकतें. म्हणून प्रत्येक धुरकट अक्षरास कर्करोग समजून घाबरण्याचें कारण नाहीं. मात्र यांतील कोणताहि रोग नुसत्या चष्म्यानें जाणारा नाहीं; म्हणजे नेत्रवैद्यांकडे तर जावेंच लागतें. तेथें बाहुली मोठी करून तपासणी होते, ध्वनिलहरींच्या साहाय्यानें गांठीची उंची मोजतात, आणि प्रकाशाच्या साहाय्यानें पटलांचा आडवा छेद दाखविणारें ओसीटी नांवाचें छायाचित्र काढतात. पूर्वींचा रोग माहीत असेल तर डोळ्यांतून तुकडा काढून तपासण्याची वेळ सहसा येत नाहीं. मात्र रोग डोळ्यांत आला असतां तो मेंदूंतहि पोंचला असण्याचा संभव असतो, त्यामुळें मेंदूचें व इतर शरीराचें चित्रण करून घेणें आवश्यक समजतात.

किरणांची विद्या

१८९५ सालीं जर्मनींतील वुर्त्सबुर्ग येथें राँटजेन यांस क्ष-किरणांचा शोध लागला, आणि १८९८ सालीं पॅरिस येथें मारी व पियेर क्यूरी यांनीं रेडियम शोधून काढलें. हे किरण वाढत्या पेशींस मारक आहेत हें लवकरच कळून आलें. परंतु ते किती द्यावे हें कळण्यास पुढें पंचवीस-तीस वर्षें लागलीं. एकदम मोठी मात्रा दिली तर रोगाबरोबर निरोगी भागहि जळे. १९२० नंतरच्या दशकांत पॅरिसच्या रेडियम संस्थेंतील रगो व कुतार यांनीं दाखवून दिलें कीं, तीच मात्रा थोडी थोडी करून पुष्कळ दिवसांत विभागून दिली असतां निरोगी पेशींस मधल्या काळांत आपली दुरुस्ती करतां येते आणि रोगट पेशींस ती नीट साधत नाहीं. आजच्या सर्व किरणोपचाराची बैठक हीच. १९३० च्या सुमारास लंडनमधील सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयांतील फॉस्टर मूर यांनीं डोळ्यांतच उद्भवलेल्या एका गांठींत रेडॉन वायूच्या सूक्ष्म नळ्या रोवून डोळा न काढतां उपचार करण्याचा प्रयोग केला. तोंपर्यंत अशा डोळ्यास काढून टाकणें हाच सर्वमान्य उपाय होता.

आपल्याकडे मुंबईस परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगानें निवर्तल्या, आणि जो उपचार त्यांस परदेशीं शोधावा लागला तो येथील लोकांस येथेंच मिळावा या इच्छेंतून त्या संस्थेची कल्पना निघाली. आज महाराष्ट्रांतील कित्येक शहरांत किरणोपचाराचीं यंत्रें आहेत आणि त्यासाठीं प्रत्येकास मुंबई गांठावी लागत नाहीं.

आपले लोक या उपचारास "शेक देणें" किंवा "लाइट देणें" म्हणतात. शब्द सोयीचा असला तरी त्यानें एक गैरसमज होतो. येथें शेक मुळींच नसतो. किरणांची मात्रा ग्रे या मापानें मोजतात. एक किलो वजनाच्या पदार्थांत एक जूल शक्ति उतरली म्हणजे एक ग्रे. डोळ्यास सर्व मिळून ४० ग्रे दिले असें धरलें, तरी ती सर्व शक्ति एकदम उतरली असतां त्याचें तपमान एका अंशाच्या शंभराव्या हिश्शाइतकेंच वाढेल. संपूर्ण डोळ्याचें वजन सातआठ ग्रॅम. त्यांत उतरलेली एकंदर शक्ति एक किलोचें माप तीन सेंटिमीटर उचलण्यास लागते तेवढी. एवढ्याशा शक्तीनें गांठ नाहींशी होते, ती उष्णतेनें नव्हे. किरण पेशीच्या गाभ्यांतील जो आनुवंशिक सूत्रांचा धागा, तोच तोडतात. धागा तुटलेली पेशी लागलीच मरत नाहीं. दुभागून वाढावयास निघाली म्हणजे मरते. यामुळेंच उपचार संपल्यावरहि कांहीं आठवडे गांठ हळूहळू बसत जाते, आणि त्याखालचें पाणी आटण्यास कधीं कधीं कित्येक महिने लागतात. "दहा वेळां नेलें, तरी कांहीं फरक नाहीं," असें उपचार संपल्याच दिवशीं म्हणणें हा उतावळेपणा होय.

उपचार प्रत्यक्ष कसा होतो

रोग्यास प्रथम एक मुखवटा करतात. जाळीदार प्लॅस्टिकचा पत्रा गरम पाण्यांत मऊ करून चेहऱ्यावर बसवितात. थोड्या वेळांत तो चेहऱ्याच्या आकारांत घट्ट होतो. रोज त्याच मुखवट्याखालीं निजविल्यानें डोकें रोज त्याच जागीं राहतें. त्यांतून श्वास मोकळेपणीं घेतां येतो, तरी कांहीं जणांस कोंडल्यासारखें वाटतें. तसें वाटल्यास अगोदर सांगावें. मग चित्रण करून किरण कोणत्या बाजूनें व किती रुंदीचे सोडावयाचे याचा आराखडा होतो. डोळ्याच्या पुढच्या भागांत असलेलें नेत्रभिंग किरणांस फार नाजूक असल्यामुळें किरण बहुधा कानशिलाच्या बाजूनें सोडतात आणि त्यांची पुढची कड भिंगाच्या मागेंच राहील असें पाहतात. मागच्या भिंतीस पूर्ण मात्रा आणि भिंगास जितकी कमी देतां येईल तितकी कमी, असा हा हिशेब असतो.

प्रत्यक्ष किरण सोडण्यास कांहीं मिनिटें लागतात. त्या वेळीं दुखत नाहीं, भाजत नाहीं. यंत्राचा घूं घूं आवाज तेवढा ऐकूं येतो. ४० ग्रे वीस भागांत चार आठवडे, ३० ग्रे दहा भागांत दोन आठवडे, किंवा २० ग्रे पांच भागांत एक आठवडा, अशा निरनिराळ्या पद्धति आहेत. प्रकृति बरी आहे आणि पुढें बरींच वर्षें जगण्याचा संभव आहे अशांस लहान लहान भाग देणें हिताचें. जो रोगी फार थकलेला आहे, ज्यास परगांवाहून यावें लागतें, त्यास थोड्या दिवसांत उरकणारी पद्धति सोयीची. हा निर्णय किरणोपचाराच्या तज्ज्ञानें करावयाचा असला, तरी घरची अडचण त्यास सांगणें हें घरच्यांचें काम आहे.

दुसरा एक प्रकार चकतीचा. सोन्याची किंवा चांदीची लहान वाटीसारखी चकती, जींत आयोडिन-१२५ किंवा रुथेनियम-१०६ हें किरणोत्सर्गी द्रव्य असतें, ती शस्त्रक्रियेनें डोळ्याच्या मागल्या भिंतीस बाहेरून टांचतात आणि मात्रा पुरी झाल्यावर थोड्या दिवसांनीं काढून घेतात. गांठ एकच व लहान असेल तेव्हां हा प्रकार उपयोगी पडतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानें अणुभट्टींत वापरलेल्या इंधनाच्या अवशेषांतून रुथेनियम-१०६ वेगळें काढून अशा चकत्या देशांतच तयार केल्या आहेत. परंतु दोन्ही डोळ्यांत किंवा एकाच डोळ्यांत अनेक ठिकाणीं रोग असेल, तर बाहेरून दिलेले किरणच सोयीचे.

प्रत्येकास किरण लागतातच असेंहि नाहीं. स्तनाच्या कांहीं कर्करोगांत संप्रेरकांविरुद्धच्या गोळ्यांनीं, फुप्फुसाच्या कांहीं प्रकारांत ठराविक दोषावर नेम धरणाऱ्या नव्या औषधांनीं डोळ्यांतील गांठहि विरते. गांठ लहान, पीतबिंदूपासून दूर, आणि नजर शाबूत, असें असेल तर औषध चालूं ठेवून डोळ्यावर नजर ठेवणें पुरतें. जेथें दृष्टि धोक्यांत आहे, किंवा औषधाचा गुण येईपर्यंत थांबण्यास सवड नाहीं, तेथें किरणोपचार करावा, असा आजचा साधारण संकेत आहे.

लाभ आणि हानि

या उपचारानें रोगी कर्करोगांतून मुक्त होत नाहीं, हें प्रथमच स्पष्ट सांगितलें पाहिजे. रोग डोळ्यांत आला याचा अर्थ तो रक्तावाटे पसरलेला आहे. त्याचा मुख्य उपचार औषधांचा. किरणांचें काम दृष्टि राखणें एवढेंच. तें काम ते किती करतात? जर्मनींत ५० रोग्यांवर पद्धतशीर पाहणी करून तिचे निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाले. ४० ग्रे वीस भागांत दिले असतां ३६ टक्क्यांची दृष्टि सुधारली आणि ५० टक्क्यांची होती तेवढी टिकली. उपचार न केल्यास ज्या रोगाची वाट अंधत्वाकडे जाते, त्यांत हें फळ लहान नव्हे.

हानीचा पक्षहि आहे. पहिल्या आठवड्यांत डोळा चुरचुरतो, पाणी येतें किंवा कोरडा पडतो, कानशिलाची कातडी लालसर होते, थकवा वाटतो. थेंबांनीं याचें बहुतेक निवारण होतें. पुढें एकदोन वर्षांनीं मोतीबिंदु होऊं शकतो. तो नेहमींच्या शस्त्रक्रियेनें काढतां येतो. याहून गंभीर म्हणजे जालपटलाच्या वाहिन्या किंवा दृष्टीचा मज्जातंतु किरणांनीं दुखावणें. मात्रा जितकी मोठी तितकी ही भीति अधिक. वर सांगितलेल्या मात्रांत ती थोडी आहे, पण मुळींच नाहीं असें नव्हे. डोक्यावरचे सर्व केस जाणें, वांत्या होणें हे औषधांचे परिणाम होत. डोळ्यापुरत्या किरणांचे नव्हेत.

घरांतील मंडळींस

माईंच्या डोळ्यांत काय आहे हें कळल्यावर त्या रात्रीं घरांतील मोठ्या माणसांची बैठक बसली. थोरले भाऊ म्हणाले, "रोग पसरलाच आहे, तर आतां डोळ्यासाठीं तिला कशाला दगदग?" हें बोलणें प्रेमाचेंच होतें, आणि असेंच बोलणें आज पुष्कळ घरांत होत असेल. परंतु त्यांतील हिशेब चुकीचा आहे. स्तनाचा कर्करोग पसरल्यावरहि औषधांच्या जोरावर रोगी कित्येक महिने, कधीं कधीं कित्येक वर्षें जगतो. तेवढा काळ रात्रीं उठून स्वतः न्हाणीघरांत जातां येणें, समोरच्या माणसाचा चेहरा ओळखतां येणें, ताटांतला पदार्थ दिसणें, यांचें मोल ज्याचे डोळे धड आहेत त्यानें ठरवूं नये. माई माजघरांतून हें ऐकत होत्या. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "दिवस किती, तें देवाला ठाऊक. आहेत तोंवर माझें माझ्या हातानें करतां येईल का, तेवढें विचारा." बैठक तेथेंच संपली.

रोग्यास सांगावें किंवा न सांगावें, हा प्रश्न आपल्या घरांत नेहमीं इतरांनींच सोडविलेला असतो. माईंच्या बाबतींत आम्हांस असें दिसून आलें कीं, जें लपविलें जात होतें तें त्यांस पूर्ण ठाऊक होतें. बोलावयास कोणी नव्हतें इतकेंच. प्रत्येक रोगी असाच असेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्यास काय जाणावयाचें आहे हें एकदां त्यासच विचारावें, एवढें तरी घरच्यांनीं करावें.

दुसरी गोष्ट शिवाशिवीची. कर्करोग संसर्गजन्य नाहीं. तरीहि अशा रोग्याचें ताटवाटी निराळी मांडणारीं सुशिक्षित घरें आम्हीं पाहिलीं आहेत. किरणोपचार सुरू झाला कीं यांत नवी भीति मिसळते. मुलांस जवळ जाऊं देत नाहींत. बाहेरून दिलेले किरण यंत्र बंद होतांच संपतात. रोग्याच्या अंगांत त्यांचा लवलेशहि राहत नाहीं. त्यानें घरीं येऊन नातवास मांडीवर घेतलें तर त्या बालकास कांहींहि अपाय नाहीं. चकतीचा प्रकार तेवढा निराळा. ती डोळ्यास लावलेली असेतोंवर रोग्यास वेगळ्या खोलींत ठेवतात आणि मुलांनीं व गरोदर स्त्रियांनीं जवळ जाऊं नये असें सांगतात. पण चकती काढल्यावर ते निर्बंधहि संपतात.

तिसरी गोष्ट लपविण्याची, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची. शेजारीपाजारीं सांगूं नये, व्याह्यांस केव्हां सांगावें याचा विचार करावा, हें ज्याचें त्यानें पाहावें. पण वैद्यापासून लपविलेला रोग रोग्यासच मारतो. दंतवैद्य, नेत्रवैद्य, हाडवैद्य, कोणाहि नव्या डॉक्टरापुढें पहिलें वाक्य तें असावें. मग त्या आजारास दहा वर्षें झालेलीं असोत कीं वीस. आमची एक सूचना आहे. घरांतील प्रत्येक वडील माणसाच्या नांवाचा एक कागद असावा. त्यावर झालेले मोठे आजार, शस्त्रक्रिया व त्यांचीं सालें, चालूं असलेलीं औषधें लिहिलेलीं असावीं, आणि दवाखान्यांत बरोबर जाणाऱ्यानें तो न विचारतां डॉक्टरांपुढें ठेवावा. तोंडानें सांगण्याचा संकोच कागदास नसतो.

माईंस दोन आठवड्यांत दहा वेळां किरण दिले. त्या काळांत सर्वजण त्यांच्या शहरांतील भाच्याकडे उतरले होते, आणि रोज एकजण पाळीपाळीनें त्यांस घेऊन जाई. सहा आठवड्यांनीं चौकटीची कड सरळ झाली. डावा डोळा पूर्ववत् राहिला. उजव्या डोळ्यांत मध्यावर किंचित् धूसरपणा कायमचा राहिला. गेलेल्या पांच आठवड्यांची ती किंमत असावी, असें नेत्रवैद्य म्हणाले. पुढचा सबंध श्रावण त्यांनीं पोथी स्वतः वाचली. त्यानंतरच्या माघांत त्या निवर्तल्या. शेवटच्या आठवड्यापर्यंत दारांत कोण आलें हें त्या आवाज न ऐकतांच सांगत असत.

त्या घरांत आतां तसे कागद केलेले आहेत. ते धाकट्या सुनेच्या हस्ताक्षरांत आहेत व औषधांच्या कपाटाच्या दाराला आंतून चिकटविलेले आहेत.